पडवीत उभी असलेली गाडी

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही गल्लीत सकाळी चक्कर मारली, तर दहा-वीस घरांमागे एक तरी मोटारसायकल अशी दिसते की तिच्यावर प्लास्टिकचा कागद, जुनी सतरंजी नाहीतर फाटकी साडी टाकलेली असते. चाकांतली हवा गेलेली. सीटवर कोंबडी बसलेली. कुठे चालवणारा माणूस गेलेला असतो, कुठे कामच सुटलेले असते, तर कुठे गाडी एकदा बिघडली ती पैशांअभावी तशीच राहिलेली असते. घरच्यांना विचारले तर उत्तर ठरलेले, "करायचीय एकदा चालू."

अशीच एक गाडी माझ्या थोरल्या भावाच्या घरी, नाशिकला सातपूर भागात, पत्र्याच्या पडवीत चार वर्षे उभी होती. हिरो होंडा कंपनीची स्प्लेंडर प्लस, २०१० ची. भावाने ती २०१३ साली कंपनीतल्याच एका सहकाऱ्याकडून जुनी घेतली होती. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ताप आला म्हणून तो स्वतः गाडी चालवत तपासणीला गेला. परत येऊन त्याने गाडी पडवीत लावली आणि किल्ली आतल्या खिळ्याला अडकवली. दुसऱ्या दिवशी त्याला रिक्षाने दवाखान्यात नेले. तो परत आला नाही. किल्ली त्याच खिळ्याला राहिली. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला. वहिनींनी दोन्ही वेळा त्याला पाणी दिले आणि परत पाठवले.

२०२५ च्या जुलैत, पुतण्याला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम लागले. कंत्राटी काम, हातात येणारे चौदा हजार, आणि पाळ्या तीन. दुसरी पाळी रात्री अकराला सुटली की वाहन मिळण्याचा भरवसा नाही. पावसात सहा किलोमीटर चालत येऊन दोनदा तापाने पडला, आणि पाचव्या आठवड्यात सुपरवायझरने सांगितले, आणखी खाडे झाले तर दुसरा माणूस बघतो. तेव्हा तो माझ्याकडे आला. हातात नव्या गाडीच्या कर्जाचा कागद होता. पंधरा हजार आधी भरायचे आणि मग तीन वर्षे दरमहा तीन हजारांच्या आसपास हप्ता. "काका, जामीनदार म्हणून सही द्या."

मी बी. कॉम. झालेला कारकून माणूस. कुणी कागद पुढे केला की आधी बेरीज करतो. नवी शंभर सीसीची गाडी रस्त्यावर येईपर्यंत ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात जाते, त्यावर व्याज. ज्याचे काम सहा महिन्यांचे कंत्राट संपले की राहील की नाही ठाऊक नाही, त्याने छत्तीस महिन्यांचा हप्ता डोक्यावर घ्यायचा? मी म्हटले, सही देतो, पण आधी पडवीतली गाडी बघू. पंधरा हजारांच्या आत ती उभी राहिली तर ठीक, नाहीतर तुझ्या कागदावर सही. तो म्हणाला, "ती मेलीय काका. मी काल चाळीस किका मारून बघितल्या."

ह्या चाळीस किकांबद्दल पुढे बोलू. आधी कागदांचे.

गाडीला हात लावण्याआधी पेटी उघडा

तरुणपणी, २००४ साली, मी ओळखीच्या माणसाकडून एक जुनी मोटारसायकल स्वस्तात घेतली होती. शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर लिहून घेतले, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि फार मोठा व्यवहार केल्याच्या ऐटीत घरी आलो. तिच्यावर नवे टायर चढवले, इंजिन उघडून बांधले. आठ महिन्यांनी पोलिसांनी अडवले तेव्हा कळले की ती मला विकणाऱ्याच्याही नावावर नव्हती. मूळ मालक गाव सोडून गेलेला. शेवटी इंजिनकाम केलेली गाडी भंगाराच्या भावाने गेली. तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी कागदांची पेटी उघडतो. जुनी, पडून राहिलेली गाडी कुणी विकत घेणार असेल, तर आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा, जुने चलान थकले आहे का ते बघा, आणि मगच किमतीचे बोला.

भाऊ सुदैवाने नीटनेटका माणूस होता. पेटीत आरसी होती, ती त्याच्याच नावावर. पण तीत दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे गाडी घेताना त्याने कंपनीच्या कामगार पतपेढीचे कर्ज काढले होते. ते फिटून सात-आठ वर्षे झाली, तरी आरसीवरचा बोजा तसाच होता. दुसरी गोष्ट जास्त घाईची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि ह्या गाडीची मुदत १७ ऑक्टोबर २०२५ ला संपत होती. मुदत उलटली की प्रत्येक महिन्यामागे जादा आकार चढत जातो. आम्ही पेटी उघडली तो ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. म्हणजे हातात सात आठवडे.

चाळीस किका कशाला मारल्या?

आता त्या किका. बहुतेकजण नेमकी हीच चूक करतात. गाडी वर्षानुवर्षे उभी असते, तेव्हा इंजिनातले तेल खाली बसलेले असते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहिलेला नसतो. पावसाळ्याच्या दमट हवेने सिलिंडरच्या आत बारीक गंज धरलेला असू शकतो. अशा वेळी जोर लावून किक मारली की कोरड्या लोखंडावर लोखंड घासते. पिस्टनच्या रिंगा ओरखडतात, कधी तुटतात. जे इंजिन दोन चमचे तेलावर वाचले असते ते उघडून बांधावे लागते. पोरगा हट्टाने किका मारत होता, पण इंजिन फिरत होते. जाम नव्हते. हे आमचे नशीब.

वस्तीत एक वयस्कर मिस्त्री आहेत. टू-स्ट्रोकच्या काळापासून हात काळे करणारे. त्यांनी आल्याबरोबर किल्लीला हात लावला नाही. आधी प्लग खोलला. प्लगच्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑईल आत सोडले, भोकावर फडके ठेवले आणि म्हणाले, "आता उद्या." पुतण्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लग न लावताच गाडी मधल्या स्टँडवर चढवली, वरच्या गिअरमध्ये टाकली आणि मागचे चाक हाताने हळूहळू फिरवले. प्लग नसला की आत दाब धरत नाही, म्हणून इंजिन हलके फिरते आणि तेल सगळीकडे लागते. चाक अडले असते तर जोर न लावता पुन्हा तेल सोडून दोन-तीन दिवस थांबायचे. आमचे अडले नाही.

मग खालचा नट खोलून जुने ऑईल काढले. काळेभोर, पण पांढुरके नव्हते. ऑईल दुधाळ चहासारखे दिसले तर इंजिनात पाणी शिरले असे समजावे, मग इंजिन खोलल्याशिवाय गत्यंतर नाही. ह्या गाडीला लिटरभराचा एक डबा पुरतो. १० डब्ल्यू ३० ह्या प्रतीचे, आणि डब्यावर जासो एमए लिहिलेले बघून घ्यावे. मोटारसायकलीचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. स्वस्त पडते म्हणून कारचे ऑईल ओतले तर क्लच घसरायला लागतो, आणि मग दोष गाडीला लागतो.

एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराने संसार थाटलेला. कापूस, साडीचे धागे, ज्वारीची भुसकटे. साडी वहिनींचीच, गाडीवर झाकायला टाकलेली. फिल्टर नवा घ्यावाच लागला. सायलेन्सरच्या तोंडात बॅटरी मारून तिथेही कुणी घर केले नाही ना, हे पाहिले. सीटखाली दोन वायरी कुरतडल्या होत्या, त्या जोडून टेप गुंडाळली. झाकलेली गाडी सुरक्षित राहते अशी आपली समजूत, पण चारही बाजूंनी गच्च झाकली की आत ओल धरते आणि उंदराला घर मिळते.

टाकीतले पेट्रोल

टाकीत चारेक लिटर पेट्रोल होते. झाकण उघडल्याबरोबर वास आला, तो पेट्रोलचा नव्हे, जुन्या रंगाच्या डब्याचा. पेट्रोल काही महिन्यांतच शिळे व्हायला लागते. त्यातला हलका, पेट घेणारा भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट गोंद बनतो. त्यात पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. २०२५ मध्ये पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल होते, त्यामुळे जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पट्ट्या ह्यांच्याकडे नेहमीपेक्षा जास्त लक्ष ठेवावे लागते. फार दिवस गाडी उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा, हे त्यावेळी आम्हाला कोण सांगणार? आणि कुणी सांगितले असते तरी त्या एप्रिलमध्ये कोणाचे लक्ष होते?

मिस्त्रींनी टाकी उतरवली, डब्यात पेट्रोल काढले. ते चहाच्या रंगाचे झाले होते. वहिनी दारात उभ्या होत्या. एवढा वेळ त्या काही बोलल्या नव्हत्या.

"भाऊजी, हे सगळं फेकायचं?"

मी म्हटले, वहिनी, ह्याने गाडी चालणार नाही.

"त्यांनीच भरलं होतं ते. दोनशे रुपयांचं जास्त टाकून घेतलं होतं, दवाखान्यात ये-जा करावी लागेल म्हणून."

कोणी काही बोलले नाही. मग मिस्त्रीच म्हणाले, "फेकत नाही ताई. सुटे भाग ह्याच्यातच धुतो. ह्याच गाडीचे." त्यांनी तसे केलेही. चेन, स्प्रॉकेट, ब्रेकचे भाग त्यांनी त्याच पेट्रोलमध्ये धुतले. घरापासून लांब, मोकळ्या जागेत, आणि बिडी ओढणाऱ्या शेजाऱ्याला हाकलून. शिळे पेट्रोल गाडी चालवण्याच्या कामाचे नसले तरी पेट घ्यायला पुरेसे असते. गटारात ओतणे तर दूरच. वहिनी आत गेल्या.

टाकीत आतून गंज होता. तिथे मी माझे डोके चालवले. टाकीत मूठभर लहान नट टाकायचे, पांढरे व्हिनेगर भरायचे, हलवायचे, एक रात्र ठेवायचे. गंज सुटतो. मी चाळीस नट मोजून टाकले आणि चाळीस मोजून काढले, ऑफिसची सवय. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी धुतली आणि वाळेल म्हणून तशीच ठेवून घरी गेलो. दिवस पावसाळ्याचे. सकाळी बघतो तर आतून सगळी टाकी भगवट तांबडी. घासलेले उघडे लोखंड ओले राहिले की रातोरात नवा गंज धरते. मिस्त्री हसले नाहीत, पण पुन्हा व्हिनेगर आणायला मलाच पाठवले. दुसऱ्यांदा धुतल्याबरोबर फडक्याने पुसली, उन्हाची तिरीप मिळेल तिथे ठेवली, आणि सुकताच आत थोडे ऑईल फिरवून घेतले. लवकर सुकावी म्हणून पुतण्या केस वाळवायचे यंत्र घेऊन आला होता, त्याला मिस्त्रींनी दारातूनच परत पाठवले. जिथे पेट्रोलची वाफ असू शकते तिथे विजेचे तापणारे यंत्र नको. काहीजण टाकी साफ करायला संडासाचे ॲसिड वापरतात. ते पत्रा खाते आणि भोके पाडते, शिवाय डोळ्यांना आणि छातीला धोका वेगळाच.

कार्बोरेटर उघडला तर खालच्या वाटीत हिरवट गोंद साचलेला आणि बारीक जेटचे भोक पूर्ण बंद. जेटचे भोक तारेने कोरू नये. भोक मोठे झाले की गाडी जास्त पेट्रोल पिते आणि कुणाला कारण सापडत नाही. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून हवेने साफ करावे. वॉशरचे किट, पेट्रोलची नळी आणि कॉक नवे घातले. हे तिन्ही मिळून सहाशे रुपये, आणि इथे काटकसर करण्यात अर्थ नाही, कारण गळके पेट्रोल तापलेल्या इंजिनावरच पडते.

बॅटरी अर्थात मेली होती. पण ह्या जुन्या किकवाल्या गाडीची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते, म्हणून बॅटरी नसतानाही ती चालू करून बघता येते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या नियमाने ज्या इंजेक्शनवाल्या गाड्या आल्या, त्यांना हे जसेच्या तसे लागू नाही. तिथे चांगली बॅटरी आधी.

नवा प्लग इंजिनाच्या बाहेर, धातूला टेकवून किक मारली. निळी ठिणगी दिसली. मग गाडी पडवीतून ढकलत बाहेर रस्त्यावर आणली. पडवी तिन्ही बाजूंनी बंद आहे, आणि इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत गाडी चालू ठेवून माणसे दगावली आहेत. चोक ओढला. सहा किका फुकट गेल्या. सातव्या किकेला गाडीने पांढऱ्या धुराचा लोट सोडला, थडथडली आणि धरली. आम्ही आत सोडलेले ऑईल जळत होते, पाच मिनिटांत धूर विरळ झाला. तो तसाच निळसर येत राहिला असता तर रिंगांचा खर्च समोर उभा होता.

शेजारची पोरे टाळ्या वाजवत होती. वहिनी बाहेर आल्या नाहीत. आतून भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो तेवढा थांबला.

चालू झाली, आता थांबेल का?

पुतण्या लगेच टांग टाकून निघाला होता. मिस्त्रींनी हँडल धरले. "चालू झाली रे. थांबेल का?"

पुढच्या ड्रमचे झाकण काढले तर ब्रेकचे लायनिंग पट्टीपासून सुटून हातात आले. गंजामुळे असे होते. वरून बघितले तर ब्रेक ठीक दिसतो, लिव्हरही दाबला जातो, आणि पहिल्या जोराच्या ब्रेकला लायनिंग ड्रममध्ये अडकून चाक जाम होते. दोन्ही चाकांचे ब्रेक शू मिळून साडेचारशे रुपये. ब्रेक दाबणारी कॅम गंजली होती, ती साफ करून ग्रीस लावले.

टायरांवर मोठा वाद झाला. नक्षी चांगली होती, त्यामुळे पुतण्या म्हणे, हवा भरली की झाले. मी टायरच्या बाजूचा चार आकडी शिक्का दाखवला, १२१५. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१५ सालच्या बाराव्या आठवड्यात बनलेला. दहा वर्षांचे रबर. चार वर्षे एकाच जागी वजन घेऊन दबलेले, बाजूला बोट फिरवले तर भेगा लागत होत्या. नक्षी ही चालून झिजते, रबर नुसते पडूनही मरते. ट्यूबसकट दोन्ही टायर तीन हजार शंभर. सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि तो टाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

ह्या गाडीची चेन पूर्ण झाकलेली असते म्हणून तिचा गंज दिसत नाही. कव्हर खोलले तर कड्या एकमेकींना चिकटून काठीसारख्या झालेल्या. ती बदलली. ॲक्सिलरेटरची केबल अडकत होती. मूठ सोडली की ती आपोआप परत फिरली पाहिजे, नाहीतर वळणावर गाडी आपले ऐकत नाही. केबली बदलल्या. क्लचच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, क्लच दाबून पहिला गिअर टाकला की गाडी उडी घेई. हे मात्र फुकटात सुटले. क्लच दाबून, गिअरमध्ये ठेवून, बंद गाडी पुढे-मागे हलवत राहिलो तेव्हा पट्ट्या मोकळ्या झाल्या.

भावाचे हेल्मेट पुतण्याला वापरायचे होते. त्याच्या आतले फोम बोट लावताच भुगा होऊन पडत होते. ते वहिनींनी कपाटात ठेवले. नवे आयएसआय शिक्क्याचे नऊशेला आणले.

गाडी कोणाच्या नावावर?

सुरुवातीला पुतण्याने गृहीतच धरले होते की गाडी त्याच्या नावावर होणार. वहिनींनीही. इथे वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण आपल्या घराघरांत ह्यावर गोंधळ असतो. मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू होतो, आणि त्याप्रमाणे गेलेल्या माणसाची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली त्याची आई हे सगळे बरोबरीचे वारस असतात. लग्न होऊन गेलेली मुलगीसुद्धा. म्हणजे ह्या गाडीला चार वारस, वहिनी, पुतण्या, पुतणी आणि आमची आई. आईला जेव्हा सांगितले की तुझीही सही लागते, तेव्हा ती म्हणाली, "माझी? गाडीवर?" तिने पदराने चष्मा पुसला आणि हळूहळू आपले पूर्ण नाव लिहिले.

मी सुचवले की गाडी वहिनींच्या नावावर करावी. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला सायकल येत नाही." पण वस्तू कोणाच्या नावावर आहे ह्याचा ती चालवता येण्याशी संबंध नाही. चालवणाऱ्याकडे लायसन्स हवे, मालकाकडे नव्हे. घर सासऱ्यांच्या नावावर, गॅस नवऱ्याच्या नावावर, असे करत वहिनींच्या नावावर त्या घरात रेशनकार्डाखेरीज काही नव्हते. पुतण्याने थोडा वेळ मान खाली घातली, मग म्हणाला, "होऊ द्या आईच्या नावावर."

कायद्याप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवावे लागते आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. आम्हाला चार वर्षे उशीर. त्याचा दंड भरला. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची ना-हरकत हे सगळे जोडले. पतपेढीकडून कर्ज फिटल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ आणून बोजा उतरवला. नोंदणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत भरता येतो. एजंटाने सगळे मिळून नऊ हजार सांगितले होते. मी दोन दिवस किरकोळ रजा टाकून स्वतः फिरलो. नूतनीकरणाचे हजार, पंधरा वर्षांवरच्या दुचाकीचा महाराष्ट्रातला पर्यावरण कर दोन हजार, नव्या सुरक्षित नंबरप्लेटचे करासह पाचशे एकतीस, तृतीय पक्ष विम्याचे करासह आठशे त्रेचाळीस, आणि नावावर करणे, बोजा उतरवणे, कार्ड, दंड, प्रतिज्ञापत्र ह्यांचे मिळून दीड हजार. विमा मात्र मयताच्या नावाने नुसती पावती फाडून काढू नका. वारस म्हणून कागद दाखवून, विमा कार्यालयात विचारून काढा, नाहीतर पुढे दावा अडकतो. विमा नसताना गाडी रस्त्यावर चालवायची नाही म्हणून पीयूसीच्या केंद्रापर्यंत आम्ही ती दीड किलोमीटर ढकलत नेली. पुतण्या पुढे, मी मागे. ओळखीचे लोक विचारत होते, पेट्रोल संपले काय?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी झाली. इन्स्पेक्टरने ब्रेक मारून बघितला, दिवे बघितले, चासी नंबर बघितला आणि सही केली. मुदत संपायला चार दिवस होते.

गाडीकामाचा खर्च मजुरीचे दोन हजार आणि हेल्मेट धरून बरोबर दहा हजार झाला, कागदांचा पाच हजार नऊशेच्या आत. पंधरा हजारांची माझी मर्यादा जवळपास नऊशेने ओलांडली. ते नऊशे मीच भरले आणि पुतण्याला सांगितले नाही. आता हे वाचून कळेल. इंजिन खोलावे लागले असते तर मात्र मी थांबा म्हटले असते. प्रत्येक पडलेली गाडी उभी करण्याच्या लायकीची असते असे नाही. कागद नसलेली, इंजिन जाम झालेली किंवा चासी गंजून कुजलेली गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात रीतसर देऊन टाकावी, आणि आरटीओतली तिची नोंद रद्द करून घ्यावी.

पहिल्या दिवशी दुसऱ्या पाळीला जाताना पुतण्याने गाडी दारात आणली. वहिनींनी सीटवरून हात फिरवला, तिथे भावाने लावलेली एक चिकटपट्टी अजून आहे. "सावकाश जा," एवढेच म्हणाल्या. रात्री साडेअकराला ती घराजवळ आली तेव्हा मी फोनवर वहिनींशी बोलत होतो. त्या बोलता बोलता थांबल्या. मलाही फोनमधून तो आवाज ऐकू आला.

जुन्या गंजाचे कण अजून सुटत राहतील, म्हणून पाचशे किलोमीटर झाले की ऑईल पुन्हा बदलायचे, असे मिस्त्रींनी बजावले आहे. परवा विचारले तर चारशे दहा झाले होते.